जमिनीखालचे शेजारी

आमच्या ब्रॉसार्डमध्ये नव्या माणसाला पत्ता सांगणं फार सोपं असतं. मॉन्ट्रियल शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावरचं हे गाव. १९५८ साली नगरपालिका झाली आणि पुढे शेतं मोडून वस्त्या पाडताना कुणाच्या तरी डोक्यात एक कल्पना आली. एका वस्तीतल्या बहुतेक सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू करायची. एका वस्तीत सगळे 'एम'वाले, पलीकडे सगळे 'एस'वाले. चालता चालता पाट्यांवरचं पहिलं अक्षर बदललं की समजावं, आपण हद्द ओलांडली. मधे भिंत नाही, कुंपण नाही, घरंही तशीच. पण पाटी शेजारच्या पाटीसारखी राहिली नाही, एवढ्यावरून हद्द कळते.

हे आठवायचं कारण म्हणजे पुण्याहून आलेला भाच्याचा फोन. तो भूभौतिकीचं शिक्षण घेतोय. "मामा, तू पूर्वी याच धंद्यात होतास ना? मला सिमिलॅरिटी स्लाइस काढायचाय. सगळी बटणं दाबली, दोन तास लॅपटॉप तापला आणि चित्र आलं ते कोरं पांढरं! फॉल्ट गेले कुठे?"

मी कॅनडात आल्यावर पहिली काही वर्षं कॅल्गरीत तेलवाल्यांच्या सॉफ्टवेअरवर काढली होती. नंतर इकडे येऊन दुसऱ्याच कामाला लागलो. तरी जुनी विद्या थोडी शिल्लक होती. त्याच्या शंकेचं उत्तर दहा मिनिटांचं होतं, पण बोलणं तासभर लांबलं, कारण या कोऱ्या पांढऱ्या चित्रामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात माझ्या घरापासून फार लांब झालेली नाही.

ब्रॉसार्डहून पूर्वेकडे गाडीने तासभर गेलं की ईस्टर्न टाउनशिप्स नावाचा डोंगराळ, तळ्यांचा सुंदर भाग लागतो. तिथल्या ईस्ट बोल्टनमध्ये ६ ऑक्टोबर १८६६ रोजी एका पाद्र्याच्या घरी रेजिनाल्ड फेसेंडन जन्मला. बिनतारी यंत्रावरून माणसाचा आवाज पाठवून दाखवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी हा एक. १९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि पाण्यातला हिमनग आधी कसा ओळखायचा हा प्रश्न सगळ्या जगाला पडला. फेसेंडनने पाण्यात आवाज सोडणारं आणि प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र बनवलं. एप्रिल १९१४ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात 'मायामी' या अमेरिकन जहाजावर त्याची परीक्षा झाली. दोन-अडीच मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी आला. शिवाय न मागता आणखी एक प्रतिध्वनी आला, तो समुद्राच्या तळाचा!

पाण्यात जमतं ते जमिनीत का जमू नये? १९१७ साली त्याला जमिनीखालचे खनिजांचे साठे ध्वनिलहरींनी शोधण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. विहिरीत दगड टाकून आवाजावरून पाण्याची खोली सांगणारे आजोबा आपण पाहिले आहेत. तत्त्व तेच. आवाज खाली जातो, खडकाचा एक थर संपून दुसरा सुरू झाला की त्याचा काही भाग परत फिरतो, आणि परतायला लागलेल्या वेळावरून थराची खोली काढता येते.

तेलासाठी हे प्रत्यक्ष करून दाखवलं ते १९२१ साली ओक्लाहोमात, जॉन क्लॅरेन्स कार्चर आणि त्याच्या साथीदारांनी. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तोफा आवाजावरून हुडकण्याचं काम त्याने केलं होतं. तेच ज्ञान त्याने जमिनीकडे वळवलं. तेलाचे भाव पडल्यामुळे तो पहिला उद्योग बंद पडला, पण १९३० साली कार्चरने भागीदाराबरोबर नवी कंपनी काढली, आणि त्याच कंपनीतून पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स उभी राहिली. आपल्यापैकी कित्येकांनी कॉलेजात ज्या कंपनीचे कॅल्क्युलेटर वापरले, तिची मुळं अशी तेलाच्या शोधात आहेत.

आता एक शब्द समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जमिनीवर एका जागी ठेवलेल्या कानाने ऐकलेल्या प्रतिध्वनींची नोंद म्हणजे 'ट्रेस'. कागदावर ती वरून खाली जाणारी वेडीवाकडी रेघ दिसते. अशा शेकडो रेघा शेजारी शेजारी लावल्या की उंचवटे एकमेकांना जुळतात आणि थर दिसू लागतात, जसा डोंगर कापून काढलेल्या घाटरस्त्यावर खडकाचा छेद दिसतो. थर मधेच तुटून खालीवर झाला असेल तर तो फॉल्ट, म्हणजे भ्रंश. तेलवाल्याला भ्रंश फार महत्त्वाचा. कुठे तो तेलाची वाट अडवून साठा करतो, तर कुठे तेल वर निसटायला वाट देतो.

आपल्या मुंबईसमोरच्या समुद्रातलं तेल अशाच रेघांवर सापडलं. 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजावरून भारतीय आणि सोव्हिएत तज्ज्ञांनी १९६४ पासून खंबायतच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेला लहरींची सर्वेक्षणं केली. तळाखालचा एक प्रचंड उंचवटा नकाशावर आला, त्याचं नाव बॉम्बे हाय. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तिथे तेल लावलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५ मीटरच्या आसपास खोल पाण्यात. एक रुपयाच्या जुन्या नोटेमागे समुद्रातल्या तेलाच्या मचाणाचं चित्र असायचं, ते आठवतंय का?

त्या काळचं काम डोळ्यांपुढे आणून बघा. जहाज एका रेषेत जायचं, तेवढ्याच रेषेखालचा छेद मिळायचा. पुढची रेषा काही किलोमीटरवर. एका रेषेवर भ्रंश दिसला, दुसरीवरही दिसला, तर तो एकच की दोन वेगळे? मधली जागा रंगीत पेन्सिल आणि अनुभव यांनी भरायची. मुंबई हायसारखा अवाढव्य उंचवटा अशा जाळ्यात सुटत नाही, पण बारीक भेगा हमखास सुटतात.

रेषांमधली ही रिकामी जागा भरण्याचा मार्ग म्हणजे त्रिमितीय सर्वेक्षण. त्याचा पहिला प्रयोग १९६७ साली ह्यूस्टनजवळच्या फ्रेंड्सवुड तेलक्षेत्रावर झाला. (१९६७ हे साल लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.) रेषा इतक्या जवळ आखायच्या की दर दहा-वीस-पंचवीस मीटरवर एक ट्रेस मिळेल. मग हाती छेद राहत नाही, सबंध ठोकळा येतो. ठोकळा उभा कापा, नाहीतर बर्फीच्या वडीसारखा आडवा. आडव्या कापाला म्हणतात टाइम स्लाइस, कारण खोली इथे मीटरात नसून प्रतिध्वनीच्या वेळात मोजलेली असते.

पण नवीच अडचण आली. पूर्वी माहिती कमी म्हणून भ्रंश सुटायचे, आता जास्त म्हणून. हजारो छेद, प्रत्येकावर भ्रंशाची रेघ हाताने ओढायची. एकेका ठोकळ्यावर महिने जायचे. आडव्या कापावर थरांचेच पट्टे इतके ठसठशीत दिसायचे की त्यांना समांतर जाणारा भ्रंश त्यातच हरवायचा.

ऑक्टोबर १९९५ मध्ये अमोको कंपनीच्या माइक बहोरिच आणि स्टीव्ह फार्मर यांनी 'द लीडिंग एज' या नियतकालिकात एक लेख लिहिला. कल्पना इतकी साधी की आधी कुणाला कशी सुचली नाही याचं आश्चर्य वाटावं. तोवर सगळा धंदा प्रतिध्वनी ठळक करण्याच्या मागे होता, म्हणजे थर कुठे आहेत ते दाखवण्याच्या. यांनी विचारलं, थर कुठे तुटले आहेत तेवढंच का दाखवू नये? प्रत्येक ट्रेस शेजारच्या ट्रेसशी ताडून बघायचा. जुळला तर पांढरा ठिपका, नाही जुळला तर काळा. असं सबंध ठोकळाभर केलं की थर नाहीसे होतात आणि उरतात त्या भेगा. जमिनीखाली पुरलेल्या जुन्या नदीचे काठसुद्धा उमटतात, कारण नदीतली वाळू काठच्या चिखलासारखी वाजत नाही. कोणीही पेन्सिल हातात न घेता भ्रंशांचं जाळं पडद्यावर आलं. कंपनीने त्याचं पेटंट घेतलं आणि 'कोहेरन्स क्यूब' हे नाव तेलजगतात घरोघरी झालं. पुढच्या तीन-चार वर्षांत कर्ट मारफर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-तीन ट्रेसऐवजी अनेक ट्रेस एकदम ताडून बघण्याच्या पद्धती आणल्या, त्यामुळे खरखर कमी झाली.

म्हणजे ब्रॉसार्डच्या पाट्याच की! नाव काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, शेजारच्यासारखं आहे की नाही एवढंच बघायचं.

नेदरलँड्समधल्या एन्शेडे गावच्या एका छोट्या कंपनीने नंतर 'ओपनडीटेक्ट' हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. त्याच्याबरोबर उत्तर समुद्रातल्या एफ-३ या डच क्षेत्राचा १९८७ साली नोंदवलेला खराखुरा ठोकळाही फुकट मिळतो. साधारण १६ बाय २४ किलोमीटर, २५ मीटरवर एकेक ट्रेस. सहा लाखांच्या आसपास ट्रेस, प्रत्येकावर साडेचारशेच्या वर नोंदी, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस कोटी आकडे. माझा भाचा याच ठोकळ्याशी झटापट करत होता. मी कॅल्गरीत असताना असली माहिती कुलपात असायची. आज पुण्याच्या खोलीत बसलेला विद्यार्थी ती घरच्या लॅपटॉपवर कापतोय, हे मला अजून नवलाचं वाटतं.

त्या सॉफ्टवेअरमधली 'सिमिलॅरिटी' म्हणजे काय? समजा एका ट्रेसच्या तुकड्यात ३ आणि ४ हे आकडे आहेत, शेजारच्यात ६ आणि ८. शाळेतल्या पायथागोरसप्रमाणे पहिल्याची लांबी ५, दुसऱ्याची १०, आणि दोघांमधलं अंतर ५. अंतर भागिले लांबींची बेरीज, म्हणजे ५ भागिले १५. ते एकातून वजा केलं की आली ०.६७. अगदी सारखे असतील तर १, अगदी उलटे असतील तर ०. गोम अशी की या दोघांचा आकार सारखाच आहे, दुसरा फक्त दुप्पट जोरात बोलतोय. नुसता आकार ताडणाऱ्या जुन्या पद्धतीने उत्तर आलं असतं पूर्ण १. तेव्हा 'सारखं' म्हणजे कशात सारखं, हे आधी ठरवावं लागतं.

आता भाच्याचं पांढरं चित्र. चांगल्या माहितीत बहुतेक शेजारी एकमेकांसारखेच असतात, सगळे आकडे ०.८ ते १ च्या मधे गर्दी करतात. याची रंगपट्टी ० ते १ अशी ताणलेली, मग सगळंच पांढरं दिसणार. पट्टी ०.६ पासून सुरू करायला सांगितली आणि काळ्या रेघा धडाधड उमटल्या. तो जाम खूश. मी म्हटलं, थांब, आता काळं जास्त झालंय. तिरक्या थरात आडवं ताडून बघितलं तर शेजारी वेगळा वाटतोच, जसं जिन्यावर उभ्या दोघांची डोकी एका पातळीत येत नाहीत. तिथे थराचा उतार आधी काढून त्या उतारानेच शेजाऱ्याकडे बघायचं. तिसरी गोष्ट खिडकीची, म्हणजे ट्रेसचा किती लांबीचा तुकडा ताडायचा त्याची. लहरीचं एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं असेल तर तेवढी किंवा दुप्पट खिडकी बरी. फार लहान घेतली तर खरखर दिसते. फार मोठी घेतली तर वरच्या थराची भेग खालच्या थरात उतरल्यासारखी दिसते.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी त्याला माझी फजिती सांगून सांगितली. एका कंपनीत (नाव नको) आमच्या सॉफ्टवेअरने सुंदर, एकमेकींना समांतर, पट्टीने आखल्यासारख्या काळ्या रेघा दाखवल्या. आम्ही तरुण मंडळी भ्रंश सापडले म्हणून नाचलो. एका म्हाताऱ्या भूवैज्ञानिकाने चित्राकडे बघून एवढंच विचारलं, सर्वेक्षणाच्या रेषा कोणत्या दिशेने आखल्या होत्या? दिशा तीच निघाली. भेगा जमिनीत नव्हत्याच, आमच्या नोंदीच्या पद्धतीच्या त्या खुणा होत्या. यंत्र खोटं बोललं नव्हतं. हा त्याच्यासारखा नाही एवढंच ते म्हणालं होतं, कारण आम्ही आमच्या मनाने जोडलं.

ही नुसती तेलवाल्यांची डोकेदुखी नाही. आमच्या ब्रॉसार्डखालीही जुने, आडवे थर आहेत, त्यात युटिका नावाचा शेल खडक, आणि त्यात वायू. २००६ ते २०१० च्या दरम्यान सेंट लॉरेन्सच्या सखल प्रदेशात, भरल्या शेतांच्या मधे, कंपन्यांनी या शेलमध्ये विहिरी खणल्या. गावोगाव लोक उठले. इथे पर्यावरणाबद्दल जनसुनावणी घेणारी एक सरकारी संस्था आहे, तिच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं जोडून लोक तिला चक्क 'बाप' म्हणतात! तर या बापापुढे २०१० साली प्रकरण गेलं. शेतकऱ्यांच्या अनेक प्रश्नांपैकी एक अगदी आपल्या विषयाचा. खोल शेल फोडला तर त्यातला वायू एखाद्या भ्रंशाच्या वाटेने आमच्या विहिरीच्या पाण्यात येणार नाही कशावरून? उत्तरासाठी भ्रंश वर कुठवर येतात ते ठाऊक हवं, आणि इथली जुनी माहिती मुख्यतः सुट्या रेषांची. रेषांच्या मधल्या जागेबद्दल छातीठोक कोण सांगणार? मार्च २०११ च्या अहवालात बापाने आधी सखोल अभ्यास करा म्हणून सांगितलं. त्याच वर्षी नदीच्या पात्रात तेल-वायूच्या कामाला कायद्याने बंदी आली, आणि २०२२ साली सबंध क्वेबेक प्रांताने तेल आणि वायूचा शोध व उत्पादन कायद्याने बंद केलं.

फोनवर हे चाललेलं असताना मागून आईचा आवाज आला. ती बहिणीकडेच असते. "अरे, हे जमिनीच्या आतलं दिसतं म्हणतोस, तर मग आमच्या कोयनेखालचं का नाही बघत कुणी?"

आईचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं, ६.३ तीव्रतेचा धक्का. आई तेव्हा नऊ वर्षांची. आजोबांनी तिला घोंगडीसकट उचलून अंगणात फेकलं, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली आहे. पुढे कित्येक रात्री सगळा गाव थंडीत उघड्यावर झोपला. त्या पहाटे पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण टिकलं. ज्या १९६७ साली टेक्सासमध्ये जमिनीचा पहिला त्रिमितीय ठोकळा नोंदवला जात होता, त्याच वर्षी आपल्याकडे पायाखाली भ्रंश आहे हे कळलं ते असं.

मी आईला उत्तर दिलं, पण ते मला स्वतःलाच नीट पटेना. पहिली अडचण आपल्या काळ्या कातळाची. कोयना परिसरात लाव्ह्याचे थरावर थर आहेत, एकूण जाडी किलोमीटरभर. लहर त्यात शिरली की प्रत्येक थरावरून फुटते, परत परत आपटते, आणि खालून येणारा आवाज त्या गोंगाटात बुडतो. बाजारात उभं राहून घरातली कुजबुज ऐकण्यासारखंच हे. उत्तर समुद्रातल्या वाळू-चिखलाच्या थरांचे लाड इथे नाहीत.

दुसरी अडचण मला त्या रात्री झोपताना सुचली. १९६७ च्या धक्क्यात जमीन मुख्यतः वरखाली सरकलीच नाही, दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या. आता आडवे, सलग थर आडवेच सरकले तर भेगेच्या दोन्ही बाजूंना त्याच खोलीवर तोच थर राहणार. ट्रेस शेजारच्यासारखाच दिसणार! भेगेजवळचा खडक भरडला गेला असेल तर थोडी काळी छटा उमटेल, नाहीतर पांढरं. म्हणजे माणसं मारणारा भ्रंश नेमका असा, की सारखेपणा मोजणाऱ्या यंत्राला तो दिसणं सगळ्यात कठीण.

म्हणून तिथे वेगळी वाट धरावी लागली. बारीकसारीक भूकंपांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून ते कुठे, किती खोल झाले हे मांडत जायचं, आणि सरळ भोक पाडून बघायचं. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा त्यासाठी कराडला आहे. २०१६-१७ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधण-विहीर घेतली गेली. सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट, आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन पाया. एका भोकातून एकाच जागेचं कळतं हे खरं, पण तिथला दगड हातात घेता येतो.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन करून आईला हे सांगितलं. कराडला अशी प्रयोगशाळा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. "एवढ्या जवळ, आणि कुणी बोललं नाही," म्हणाली. मग थोडं थांबून, "चित्र नाही दिसलं तरी चालेल रे, पण कान लावून बसलंय ना कुणीतरी?"

बसलंय, असं मी सांगितलं. भाच्याला मात्र वेगळं काम दिलं. एफ-३ चा काप आता छान आलाय, तर त्यातली प्रत्येक काळी रेघ कशामुळे काळी आहे ते लिहून काढ: भ्रंश, नदीकाठ, तिरका थर, की नुसती नोंदीची खूण. ज्या रेघेचं कारण सापडणार नाही तिथे 'माहीत नाही' असं स्पष्ट लिही. त्याची यादी परवा आली. एकतीस रेघा, त्यातल्या अकरांपुढे 'माहीत नाही'. पोरगं शिकतंय म्हणायचं.